साडेचारच्या बसला हात

टॉर्किल,

तुला उठवलं नाही. बसने लॅगनला जाऊन तिथून तळ्याच्या काठाने, मग कालव्याच्या वाटेने फोर्ट ऑगस्टसपर्यंत चालणार आहे. मसुरीचं सूप शेगडीवर आहे. गरम करून घे, गारच ढोसू नकोस.

काल मी नको ते बोलले. "हात लुळा पडलाय, की तू?" असं कुणी विचारतं का! आणि तू काय केलंस, तर एका हाताने माझे बूट मेण लावून दाराशी ठेवलेस. मघापासून डोळे पुसतेय.

आपल्या फाटकाशी थांबा नाही, तरी कर्स्टी माझ्यासाठी बस उभी करते. आभार मानले तर म्हणते, "काकू, बस चालवायला मला काकांनीच शिकवलं. या रस्त्यावर हात दिसला की थांबायचं, हेही त्यांनीच." तू मात्र तिचा हॉर्न ऐकला की खिडकीचा पडदा ओढतोस.

साडेचारच्या बसने परत येईन. आज पडदा उघडा ठेव, तिला हात कर. फक्त जपून, हात दिसला की मला उतरवूनही ती तुझ्यासाठी थांबून राहणार, आणि मग तुला फाटकापर्यंत यावंच लागेल. कोट खालच्या खुंटीवर अडकवलाय, डाव्या हाताला येईल असा.

ईशबेल