नळाची बातमी मागच्या बाजूला

भांडुप, मंगळवार, मार्च १९८४

काय करू? उद्या फाईल द्यायचीय. घाटकोपरच्या साप्ताहिकात दोन महिने उमेदवारी केली, तिथे छापून आलेली माझी कात्रणं चिकटवून कॉलेजात दाखवायची. छापून आल्या दोनच बातम्या, आणि त्याही एकाच पानावर, पाठीला पाठ लावून! एक चिकटवलं की दुसरं खळीत गेलं. दुसरा अंक मागितला तर ऑफिसात म्हणाले, रद्दीत गेले सगळे. झेरॉक्स सरांना चालत नाही.

पुढच्या बाजूला पालिकेच्या सभेची मोठी बातमी. संपादकांनी इतकी बदलली की माझं एक वाक्य उरलं नाही. मागे आठ ओळी, आमच्या टेकडीवरच्या नळाच्या. त्या अक्षर न् अक्षर माझ्या. त्यात आईचं नाव आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं होतं.

"किरकोळ मजकूर लावशील तर नापास, सांगून ठेवतो," सर म्हणाले. आणि नापास झाले तर कॉलेज बंद. गिरणी गेल्यापासून बाबांनी तेवढंच बजावलंय.

खळ आईनेच शिजवून दिली. वाटी ठेवताना म्हणाली, "माझा नाव आसा ता लावतलंस मां?" मी हो म्हटलं. का म्हटलं?

सभा लावली.

कागद पातळ, खळ ओली. सभेच्या बातमीतून आईचं नाव उलटं दिसतंय. वाळलं की जाईल. आई शेजारी बसून फुंकर मारतेय, लवकर वाळावं म्हणून.