होडी ओळखायची परीक्षा

वर्सोवा, मंगळवार, दिवेलागणीला

आज डोकं फिरलंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख म्हणे आता हॉस्पिटलच्या वेबसाइटवरूनच घ्यायची. सून रेखा मोबाइल घेऊन बसली. हे लिहितेयही तीच, मी सांगते तसं. सगळं भरून झालं आणि शेवटी नऊ चित्रं आली. होड्या असलेली निवडा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे कळेल. घ्या, कोळणीची परीक्षा!

मोबाइल नाकाशी धरून बघितलं. एका चित्रात पाण्यावर नुसती डोलकाठी.

"आई, ती सोडा."

"गप गं, दाब. काठी काय पाण्यात उगवते? खाली होडी असणारच."

चूक म्हणे. पुन्हा चित्रं, पुन्हा डोलकाठी, पुन्हा मी दाबायला लावली. तिसऱ्यांदा पानच बंद. उघडेपर्यंत या महिन्याच्या तारखा संपल्या.

माझं चुकलं का? छे. डोलकाठी होती म्हणजे होडी होतीच.

आता आणखी महिनाभर सगळं धुरकट. मासळी कापताना बोटं सांभाळायची. कशासाठी? त्या मेल्या चित्रांसाठी?

उद्या स्वतःच जाते. खिडकीवरच्या बाईसमोर उभी राहून विचारते, बघ गं नीट, माणूस दिसते का मी तुला?