टिकोजीराव म्हणजे कोण

मंगळवार, १२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं सुखात असाल असं धरून चालते. इकडे आमचं रोजचंच. समोरच्या बेकरीवाल्याने नवी पाटी लावली आहे, तिचा लाल उजेड संध्याकाळी थेट आपल्या दुकानात येतो आणि पांढरं कापडसुद्धा गुलाबी दिसतं. शिवणकामाचं म्हणशील तर मी आता फक्त दुरुस्तीची कामं घेते. पँट आखूड कर, चेन बदल, कंबर सैल कर. लोकांच्या कंबरा वाढतायत तोवर मला मरण नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर आले. कागद तरी मध्येच कट करता येत नाही.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी जाकिटाचं अस्तर उसवत होते. सहा वर्षांनी तुझा आवाज! मी 'अरे' म्हणते तोच तू म्हणालास, "ताई, बाबांना दे. आधी त्यांनाच सांगायचंय." आनंदाने वेडीच झाले रे मी. काही सांगायचं भान राहिलं नाही, फोन तसाच त्यांच्या कानाला लावला. तू 'बाबा' म्हणालास. ते म्हणाले, "टिकोजीराव." आणि तू फोन ठेवलास.

तुला काय वाटलं ते मला इथे बसून दिसतंय. इतक्या वर्षांनी फोन केला आणि म्हाताऱ्याने पहिल्याच शब्दाला कानफटात मारली. मी तुझ्या जागी असते तर मीही ठेवला असता, वर दोन शिव्या घातल्या असत्या.

पण आता नीट वाच. बाबांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा तुझ्या जुन्या नंबरवर निरोपामागून निरोप ठेवले. नंबर बदललाय हे मला कुठून कळणार? उजवा हात गेला आणि वाचा गेली. म्हणजे एक शब्द सोडून सगळी वाचा गेली. कुठला शब्द राहिला ते तू ऐकलंसच.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी मला समजावलं, की असं होतं. कुणाच्या तोंडात एखादी शिवी राहते, कुणाच्या तोंडी बायकोचं नाव राहतं. माणसाला म्हणायचं असतं भलतंच, बाहेर तेवढंच येतं. आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही, त्याला वाटतं आपण 'पाणी'च म्हणालो. तर आमच्या घरात पाणी म्हणजे टिकोजीराव. पंखा बंद कर म्हणजे टिकोजीराव. कूस बदलायची असली की शेवटचा 'व' लांबतो. मी चहात साखर विसरले की नुसतं 'टिको' म्हणून थांबतात आणि माझ्याकडे बघत राहतात. पहिले काही दिवस मी वैतागून रडायचे, मग कान तयार झाले.

त्यांचा पलंग मी दुकानातच टाकलाय, कापायच्या टेबलाशेजारी. मशीनचा आवाज असला की त्यांना बरं वाटतं. त्यामुळे फजित्याही होतात. एक बडे साहेब पँट न्यायला आले होते. आरशापुढे पुढून बघतायत, मागून बघतायत, केसांवरून हात फिरवतायत, आणि बाबांना नेमकी त्याच वेळी तहान लागली. साहेब जे गेले ते परत फिरकले नाहीत. शेजारचे मास्तर तेवढे गुणी. ते दारातूनच "काय टिकोजीराव!" म्हणतात, बाबा आतून "टिकोजीराव" म्हणतात, आणि दोघांच्या चांगल्या गप्पा चालतात.

तुला आठवतं, लहानपणी तू बाबांना विचारलं होतंस, टिकोजीराव म्हणजे कोण? बाबा गिऱ्हाइकाची बाही मार्क करत होते. खडू तोंडातून काढून म्हणाले, "माप देताना पोट आत घेतो तो." पैसेवाला नव्हे, ऐटबाजही नव्हे. कोट शोभणारा माणूस त्यांना मनापासून आवडायचा. जे नाही ते आहे म्हणून दाखवायला बघतो, आणि मग कोट घट्ट झाला म्हणून टेलरवर ओरडतो, तो टिकोजीराव. आणि त्यांची युक्ती? कंबरेभोवती टेप धरून ठेवायची आणि मध्येच विचारायचं, "मुलं किती?" माणूस हसतो, उत्तर देतो, पोट सुटतं आणि खरं माप हातात येतं. तू कितीतरी दिवस घरभर टेप घेऊन सगळ्यांना मुलं किती विचारत हिंडायचास.

आता त्या दिवसाचं लिहिते. लिहू नये असं वाटतं, पण त्यालाच तर आपण सगळे अडलोय. तू तुझ्या होणाऱ्या सासूसासऱ्यांना घेऊन आलास. अंगात तयार घेतलेला कोट. बाबांच्या मुलाच्या अंगात दुसऱ्याने शिवलेला कोट! तेही त्यांनी गिळलं. मग सासरे म्हणाले, "तुमची कपड्यांची फॅक्टरी कुठेशी आहे?" बाबांनी दुकान बघितलं, मशीन बघितली, तुझ्याकडे बघितलं. तू खाली मान घातलीस. मी तेव्हाच ओळखलं आता काही खरं नाही. बाबा छोटी कात्री घेऊन उठले, तुझा हात धरला आणि बाहीवर राहिलेली कंपनीची चिठ्ठी सगळ्यांदेखत कापून तुझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "टिकोजीराव, कोट घालायच्या आधी ही काढायची असते."

चुकलंच त्यांचं. पाहुण्यांसमोर मुलाचं असं करू नये. पण तूही काही कमी नव्हतास. फॅक्टरी काय, फॅक्टरी!

एक गोष्ट मात्र तुला कुणी सांगितली नसेल. तू जन्मलास तेव्हा मी आईच्या उशाशी होते. मुठी आवळून, कपाळाला आठ्या घालून, जगावर उपकार केल्यासारखा पडला होतास. बाबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "आले का आमचे टिकोजीराव!" इतकं लाडाने बोललेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. त्या शब्दावर पहिला हक्क तुझा आहे, गिऱ्हाइकं नंतर आली.

म्हणून म्हणते, एकदा फोन कर. तू कशासाठी केला होतास तेही कळलं नाही. तो शब्द ऐकायची तयारी ठेव, आणि त्यात तुला हवं ते ऐक. हल्ली ते जरा शांत असतात, थकवा असेल. तू बोललास की बोलतील. डॉक्टर फार दिवसांचं बोलत नाहीत, हेही लिहून टाकते.

वाट बघते.

तुझी ताई

*

शुक्रवार, ८ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद. वहिनीची तब्येत कशी आहे? बाळाला उबेत ठेवा. गळ्याशी घट्ट बसेल असं काही घालू नका, लोकांना तान्ह्या मुलांचे गळे मापता येत नाहीत.

बाबा गेले ते मास्तरांनी तुला कळवलंच. तू आला नाहीस. मी वाट बघितली नाही असं लिहिणार होते, पण बघितली. दाराशी कुणी आलं की मान वर होत होती.

मास्तरांना तू म्हणालास म्हणे, की त्यांना मी मरेपर्यंत नको होतो, मग आता येऊन काय करू. मास्तरांनी ते मला सांगायला नको होतं. पण बरं झालं सांगितलं, नाहीतर मी हे पत्र लिहिलं नसतं.

मागच्या पत्रात मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. शांत असतात, थकवा असेल, असं लिहिलं. तसं नव्हतं. त्या रविवारी तू फोन ठेवलास, तरी बाबा फोनकडे बघत होते. त्यांनी पुन्हा तो शब्द म्हटला, हळू. मग थांबले. आणि पहिल्यांदाच, धाकट्या, त्यांना तो ऐकू आला. आपण काय म्हणतोय ते त्यांना कळलं. डावा हात उचलून त्यांनी तोंडावर ठेवला, एखाद्या पोराने काहीतरी फोडल्यावर ठेवावा तसा. त्यानंतर ते एकदाही बोलले नाहीत. पाण्याला नाही, दुखण्याला नाही. ओठ आवळून असायचे. चमचा जवळ नेला तरी घाबरत घाबरत तोंड उघडायचे आणि लगेच मिटायचे. मास्तर दारातून रोज हाक मारायचे, बाबा भिंतीकडे तोंड करायचे.

हे तुला लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस, कधीपासून? मग तारीख सांगावी लागली असती. ते तुझ्या माथी मारायचं नव्हतं मला. वाटलं, तुझा आवाज ऐकला की सुटेल ते आपोआप. मी सगळ्यांचं माप घेत बसले आणि घोटाळा इथे करून ठेवला.

तू फोन केलास. माझं पत्र वाचून, सगळं मनात साठवून केलास, आवाजावरूनच कळत होतं. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तू म्हणालास, "बाबा, मुलगी झाली. त्या दिवशी हेच सांगायचं होतं, की होणार आहे." मग हसलास. "तिच्या कपाळावर आठ्या आहेत हो. मुठी मिटलेल्या आहेत. म्हणा ना तिला तुमचा शब्द. मी ऐकतोय."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कानापर्यंत ओघळ आला होता. ओठ असे आवळलेले, की पांढरे पडले होते. तू थांबलास. पुन्हा म्हणालास, "बाबा, म्हणा ना." पलीकडून बाळाचा आवाजही आला. बाबांनी डावा हात तोंडावर दाबला. मी म्हटलं, "बाबा, म्हणा हो, त्याला चालेल, त्यालाच हवंय!" मी त्यांचा हात ओढत होते रे. आजारी माणसाचा हात ओढत होते. मग तू म्हणालास, "राहू दे ताई. माझ्या मुलीवरही राग काढतायत." मी 'अरे, तसं नाही' म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. आणि मग पुन्हा तू उचलला नाहीस.

त्यानंतर आठवडाभरात गेले. जातानाही तोंड मिटलेलं होतं.

तो राग नव्हता. पहिल्यांदा ते बोलले तेव्हा तू अपमान ऐकलास, दुसऱ्यांदा गप्प राहिले तेव्हा राग ऐकलास. दोन्ही वेळा मी फोन धरून उभी होते आणि दोन्ही वेळा माझ्याकडून काही झालं नाही. हे आता तुला सांगून कुणाचंच काही सुधारणार नाही. तू हे वाचून रडशील किंवा रडणार नाहीस, त्यांना त्याचं काय? पण रागाने गेले असं मनात धरून तू तिला वाढवू नयेस, एवढ्यासाठी लिहिते.

दुकानात बसले की एकच गोष्ट डोक्यात फिरते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची आत घेतलेली पोटं पाहिली. स्वतः कधी कुणापुढे तसं केलं नाही, भांडण झालं तरी जसे होते तसेच उभे राहिले. आणि शेवटी तुझ्या एका फोनपुढे श्वास धरून बसले. ज्याने मुलाला कधी टिकोजीराव म्हटलंच नाही असा बाप दिसायचं होतं त्यांना. जे नव्हतं ते. बाहेर येईल तो तेवढाच शब्द येईल हे माहीत होतं, म्हणून तोंडच उघडलं नाही.

त्यांना काहीतरी भलतंच विचारून हसवायला हवं होतं. मुलं किती, असंच. मला सुचलं नाही.

काल दुकान बंद केल्यावर तुझ्या मुलीसाठी मीच तो शब्द म्हणून बघितला, मोठ्याने. आत्या आहे, माझाही हक्क आहे म्हटलं. तो नुसता शब्दच निघाला, लोकांना नावं ठेवायचा. बाबा म्हणायचे तसा आता कुणालाच म्हणता येणार नाही.

तिचं माप पाठवू नकोस. मी काही शिवत नाही आता.

तुझी,
दुकानात उरलेली ताई