बिल्डिंगचे उपास आणि माझा डावा डोळा

२६ जुलै, शनिवार
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी साखर दोनशेच्या आत आणा, मगच ऑपरेशन. नाहीतर जखम चिघळून डोळा जायचा. गोड, भात, मैदा बंद. वीस ऑगस्टला पुन्हा बोलावलंय. खरं सांगायचं तर टरकलोय. रमाला दाखवलं नाही.

२७ जुलै, रविवार
उपाय सापडला. उपास! उपासाला भात चालत नाही, मैदाही चालत नाही. सायन्सला आत्ता कळतंय, ते आपल्या पंचांगात कधीचं आहे. उद्या श्रावणी सोमवार. मुहूर्तही करेक्ट.

२८ जुलै, सोमवार
साबुदाण्याची खिचडी दोन वेळा, रताळ्याचा कीस, केळी. अंग हलकं वाटतंय. ओवे गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या चिंधीमावशीने पिशवीत रताळी भरताना विचारलं, "उपास हाय का घरान लगीन हाय?" डाएटवरचा माणूस वाद घालत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
एका सोमवाराने काय होणार? सुशांतला पुण्यात शनिवारचा उपास जमत नाही. तो मी घेतला. पुण्य मुलाला, डाएट बापाला.

५ ऑगस्ट, एकादशी
रमा म्हणाली, "एकादशी अन् दुप्पट खाशी." बायकोचा सपोर्ट शून्य.

७ ऑगस्ट, गुरुवार
वरच्या मजल्यावरच्या शोभावहिनींना पित्त. त्यांचा गुरुवार मी करतोय. त्यांनी साबुदाणवडे पाठवले. नाही कसं म्हणणार? उपास त्यांचा.

१० ऑगस्ट, रविवार
बातमी पसरली. खालच्या मजल्यावरच्या कुंदनची नाइट शिफ्ट, त्याचा मंगळवार माझ्याकडे. शेजारच्या समृद्धीची परीक्षा, तिचा शुक्रवार माझ्याकडे. फराळ ज्याचा त्याने पाठवायचा. लिफ्टमध्ये लोक नमस्कार करतात. घरच्या मशीनवर साखर २९८. बॅटरी उतरली असावी.

१२ ऑगस्ट, अंगारकी
पाच घरांची चतुर्थी एकट्याने. पाच डबे. एकाचं खाऊन दुसऱ्याचं परत करणं म्हणजे पक्षपात. साखर ३६४. हल्ली नव्या बॅटऱ्याही बोगस येतात.

२० ऑगस्ट, बुधवार
साखर ४१२. ऑपरेशन होणार नाही. बाईंनी विचारलं, खाता काय? सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं.
रमा सोबत आली होती. ती म्हणाली, "अहो, भीती वाटत होती तर मला सांगायचंत." आणि पदराने डोळे पुसले. फार वाईट वाटलं.
बाईंनी गोळ्या वाढवल्या. उपास सगळे बंद. डाळ, भाजी, भाकरी, तेही वेळेवर. एवढ्या तपश्चर्येनंतर डॉक्टरने जेवायची शिक्षा दिलेला बिल्डिंगमधला मी पहिलाच. शोभावहिनींना कळवलं. त्यांनी डोळ्याची चौकशी केली नाही. उद्याच्या गुरुवारचं काय, एवढंच विचारलं.
जेवायला रमाने दुधीची भाजी वाढली. उजवा डोळा मिटून खाल्ली. डाव्याने नीट दिसत नाही, तेवढंच एक बरं.