माया ठेवून कापलेले लाकूड

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा कपडे बेतण्याचा (आता बंद), राहणार दुकानामागच्या दोन खोल्या, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी नाहीच. पोटाचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, आणि म्हणताना फाइलमध्ये बघतात. म्हणून हा खटाटोप. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

वकीलबाईंनी बजावले आहे की मुद्द्याचे तेवढेच लिहा. मी जन्मभर गिऱ्हाइकांचे ऐकून घेतले. आता माझे संपेपर्यंत वकीलबाईंनी दम धरावा.

कलम १. दुकान, मागच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीची. तिला आम्ही घरात बुटकी म्हणतो. ती समुद्रापलीकडे राहते, दिवसा कचेरीत काम करते आणि शनिवारी एका बँडमध्ये बास गिटार वाजवते. तिला घर विकायचे असेल तर खुशाल विकावे. तिची आई गेल्यापासून या घरात मलाच करमत नाही, तिने का अडकून पडावे?

कलम २. माझी मोठी कात्री समोरच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना द्यावी. माझी काजे-बटणे त्या करायच्या आणि एकदाही उसवून परत आली नाहीत. कात्रीने फक्त कापडच कापावे. माझ्या साडूने याच कात्रीने पुठ्ठा कापला होता आणि वर मलाच विचारले, की कात्री ती कात्री, त्यात एवढे काय? साडूला माझी कागदाची कात्री द्यावी. ती बोथट आहे. त्याला फरक कळणार नाही.

कलम ३. लाकडात खोबणी कोरायचे विजेचे यंत्र वरच्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरला द्यावे. यंत्राच्या आवाजावरून आणि भुशावरून त्याने माझे डोके फार खाल्ले. यंत्र त्याच्याच घरात राहिले म्हणजे ते पुन्हा वाजणार नाही याची त्याला खात्री पटेल. (वकीलबाई म्हणतात, ड्रायव्हर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. मग कलम ३ रद्द. माझ्या हातून त्याला काही मिळायचा योग नाही.)

कलम ४. धड.

इथवर वाचून वकीलबाईंनी पेन खाली ठेवले आणि विचारले की मास्तर, देहदान करायचे आहे का. नाही. गिटारच्या लांब दांड्याला आम्ही मान म्हणतो, मग जिला मान आहे तिचे उरलेले अंग ते धड. माझ्या स्वतःच्या धडाचे काय करायचे ते करा.

हकीकत अशी. बुटकी उंचीला बेताची, त्यात तिचा डावा खांदा जन्मापासून थोडा खाली. तिच्या प्रत्येक फ्रॉकला मी त्या बाजूला हलकी पट्टी घालायचो, म्हणून शाळेत कुणाला कळले नाही. तयार बास गिटार वजनाला दगड, आणि पट्टा त्याच खांद्यावर. दुखायला लागले तेव्हा तिने फोनवर सांगितले, "बाबा, इकडे कारागीर आहेत, पण माझा खांदा तुम्हालाच माहीत आहे. मला मापाची शिवून द्या." शिवून द्या, असेच म्हणाली. मग पार्सलने मान आली, सोबत धडाचा पूर्ण मापाचा कागदी नकाशा.

मी लाकडाला कधी हात लावला नव्हता. दुकान बंद झाल्यावर कटिंगचे टेबल नुसते पडून होते. जाड, वाळलेले, हलके लाकूड. त्याच्या दोन फळ्या काढल्या, कडा रंध्याने सरळ केल्या, सरस लावून शिकंज्यात आवळल्या. वर नकाशा ठेवून खडूने आखले आणि कापले.

कापून झाल्यावर लक्षात आले की मी माया ठेवली आहे. शिवणीत दाबायला कापड जास्त सोडतो ना, ती. सगळीकडे बोटभर, रेषेच्या बाहेर. हाताला दुसरे माहीतच नाही. बाहेरून जास्त ठेवले ते घासून काढता येते. पण मान बसते ती खाचही मी रेषेबाहेरूनच कोरली, आणि मान आत ठेवल्यावर दुधाच्या दातासारखी हलू लागली.

बुटकीला सांगितले तर ती हसतच सुटली. "बाबा, लाकडात माया नसते हो!" मी म्हटले, या घरात आहे. माझी लाकडी फूटपट्टी चिरून तिच्या पातळ चिपा खाचेच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. एका चिपेवर आकडे अजून दिसतात. मान आता हलत नाही.

तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते. बरगडीला टोचेल ती कड गोल करा. कोपर टेकते तिथे उतार द्या. तारांखाली आवाज उचलणारे चुंबक बसायचे खड्डे जरा खोल हवेत. मी कानस चालवत ऐकतो. एरवी आमचे बोलणे जेवलात का, जेवलो, यावर संपायचे. धड हाती घेतल्यापासून ते तास तास चालते. आठवड्याचे बाकी दिवस या घरात कानशीचाच काय तो आवाज. रविवारसाठी मी सोमवारपासून दाढी करतो, आणि फोनवर तर ती दिसतही नाही.

धड होऊन बरेच दिवस झाले. तेलाचा शेवटचा हातही वाळला. फोनवर मात्र मी म्हणतो, अजून थोडे घासायचे आहे. पाठवून दिले की रविवारी बोलणार काय?

मध्ये तिच्या बँडचा व्हिडिओ ड्रायव्हरच्या मुलीने मला दाखवला. बुटकीच्या गळ्यात काळी, तयार, नवी गिटार होती. पट्टा उजव्या खांद्यावर घेतलेला. म्हणजे तिचे माझ्या धडावाचून अडलेले नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. त्या रविवारी मी फोनजवळ गेलोच नसतो, पण तो वाजला. तिने विचारले, "बाबा, ती बरगडीकडची कड झाली का?" मी म्हटले, अजून घासतोय. ती म्हणाली, "घासा, घाई नाही." तिने काळ्या गिटारचे नाव काढले नाही. मीही नाही काढले.

तरी लिहून ठेवतो: धड माझ्या मृत्यूनंतर बुटकीला मिळावे. कुरिअरने पाठवू नये. तिने स्वतः यावे. मी जन्मात एक कपडा ट्रायल घेतल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिलेला नाही. अंगावर घालून बघितल्याशिवाय कुठे ओढते, कुठे लोंबते ते कळत नाही. हेही तिच्या खांद्यावर चढवून, उभे राहून, बसून बघायचे, आणि जिथे टोचेल तिथे लगेच काढायचे. ही अट बंधनकारक आहे.

वकीलबाईंनी हे कलम दोनदा वाचले. मग चष्मा काढला. "मास्तर, तुम्ही गेल्यावर ट्रायल कोण घेणार?"

ड्रायव्हर खिडकीबाहेर बघू लागला. मग त्यानेच मला विचारले, मुलीला ऑपरेशनचे सांगितले आहे ना? मी नाही म्हटले. उगाच तिचा जीव टांगणीला कशाला. त्यावर तो जे बोलला ते कायदेशीर कागदावर लिहिण्यासारखे नाही, पण खरे होते.

सबब कलम ४ मधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी माझ्या हाताने खोडले आहेत. वकीलबाई सांगतात की असे केल्याने ते मृत्युपत्राचे कलम राहत नाही. नको राहू दे.

कलम ४ (दुरुस्त). बुटके, धड तयार आहे. कधीचेच तयार आहे. तुझी काळी गिटार मी पाहिली, छान वाजवतेस, त्याचा राग नाही. येत्या मंगळवारी माझे ऑपरेशन आहे आणि मला एकट्याने जायची भीती वाटते. त्याआधी ट्रायलला ये. तुझ्या अंगाला नाही बसले तर टेबलाच्या आणखी दोन फळ्या शिल्लक आहेत.

या पानाचा फोटो साक्षीदार क्र. १ ने आत्ताच मुलीला पाठवावा. मला धीर होत नाही.

स्थळ: पुढची खोली, कटिंगच्या उरलेल्या टेबलावर.
वेळ: बुधवार, दुपार.
सही: मास्तर

वरील सही आमच्यासमोर केली. सही करताना मास्तर पूर्ण शुद्धीवर होते आणि नेहमीसारखे भांडत होते.

साक्षीदार क्र. २: वखारवाला, सरस व शिकंजे यांनीच दिले. सही.

साक्षीदार क्र. १: वरच्या मजल्यावरचा बसड्रायव्हर. सही. फोटो पाठवला. तिच्याकडे अजून उजाडलेले नाही. तोवर मी मास्तरांजवळ बसून आहे.