भर उन्हाळ्यात तगरीची छाटणी

१२ मार्च २०१६

आज केशरकाकू बादली घेऊन दूध संस्थेच्या दारात. कॅन विसळलेलं पहिलं धुवण म्हशीला मागत होती. टँकरच्या पाण्यातलं अर्धं म्हशीलाच जातं म्हणे, तरी तिचं भागत नाही. मी म्हणाले, उद्या बघू. – का म्हणाले? पाणी संस्थेचं, मी फक्त दूध मोजणारी. आणि रोज ते तगरीला घालते, तेव्हा कुणाला विचारत नाही!

तगर दादांनी लावलेली, संस्था निघाली तेव्हा. बुटकी, गोल, पांढऱ्या फुलांची. दादा सचिव होते. कॅनच्या झाकणावर खडूनं मला, लेकीला, अक्षरं त्यांनीच शिकवली, छाटणीही. आता त्यांचे पाय चालत नाहीत. तरी रोज विचारतात – तगर कशी आहे?

१३ मार्च

धुवण काकूला दिलं. दुसरं पाणी सोड्याचं, ते झाडाला चालत नाही.

१५ मार्च

पानं कमी तर तहान कमी, असं धरून चालले. दादा मात्र म्हणायचे, भर उन्हाळ्यात झाडाला कात्री लावू नये. लावली. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा वर, तिरपा काप. प्रत्येक कापातून पांढरा चीक. काकू बघत उभी. म्हणाली, "हिचंच दूध घे की कॅनात. माझ्या म्हशीपरीस लई देती."

हसले. शेवटी नुसता खराटा उरला, तेव्हा हसू गेलं.

१६ मार्च

दादांनी विचारलं, फुलं आहेत का? मी नाहीत म्हणाले. खोटं नाही. पण खरंही नाही.

२ एप्रिल

रोज नखानं साल खरवडून बघते. आत हिरवं आहे. हे थांबवायला हवं – नाहीतर मीच मारीन तिला.

९ एप्रिल

दादांना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, कुठून कापलीस? सांगितलं. आणि पाणी? केशरकाकूच्या म्हशीला, मी म्हणाले. त्यांनी कूस बदलली. "जगली तर सांग. न्हाई जगली तर सांगू नको."

कसं जमायचं? लपवायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

१७ एप्रिल

दोन डोळे फुगलेत! पण माती विटेसारखी. आता फुटव्याला पाणी लागणार. काकूकडे अर्धं धुवण मागावं का? तिच्या दारापर्यंत गेले. म्हैस रिकामी घमेली चाटत होती. तशीच परत आले. दादांना अजून काही बोलले नाही.

१९ एप्रिल

काकू आज पाऊण बादली पाणी घेऊनच आली. टँकरचं. म्हैस काल बाजारात विकली. मी म्हणाले, काकू, प्यायचं पाणी आहे हे. तिनं तगरीच्या बुडाशी बादली कलती केली.

"म्हशीचा वाटा हाय. घरात ठेववंना."