गाडी उंच झाली, आई चढेना

तीर्थरूप आर्डिसताई,

लांबूनच नमस्कार. (जवळून करावा म्हटलं, तर एप्रिलपासून तू फिरकलेली नाहीस.) तुझी पाठ कशी आहे, भावजींचा खोकला थांबला का, मिसूलात बर्फ पडला का? आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण मजेत इथे कुणी नाही. आई माझ्याशी बोलत नाही, मला एका जागी बसवत नाही, आणि कुत्रा गाडीखालून बाहेर यायला तयार नाही, कारण तिथे आता त्याला ताठ उभं राहता येतं. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

विषय बाबांच्या पिकअपचा. (ती विकून टाक आणि आईला मिसूलाला पाठव असं म्हणून तू दार आपटून गेली होतीस, ते लक्षात आहे. तरी पुढे वाच.) या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय. बाबा गेल्यानंतरचा हा पहिला. आईनं ऑगस्टातच जाहीर करून टाकलं, "मी कॅम्पवर येणार. तुम्ही पोरं रांगत होतात तेव्हापासून पहिल्या दिवशीचे पॅनकेक त्या डोंगरावर मी केलेत. तुझे बाबा नाहीत म्हणून काय तू तिथे डब्यातलं गारढोण खाणार?" मी हो म्हणून बसलो. मग कळलं की वसंतातल्या पुरानं ओढ्यापाशी कॅम्पचा रस्ता खाऊन टाकलाय आणि मागे नुसते धोंडे उरलेत. गाडी तिथे पोटावर बसते. (बसवून पाहिली. शेजारच्या गॉर्डी लुंडक्विस्टनं ट्रॅक्टरनं ओढून काढली. तेव्हापासून चर्चमधे तो माझ्याकडे बघून नुसता हसतो.)

म्हणजे मोठे टायर हवेत आणि ते मावायला गाडी उंच हवी. शहाणा माणूस आधी गाडी उंच करतो, मग टायर घेतो. मी आधी टायर घेतले. सेल होता, आणि सेल संपेपर्यंत विचार करत बसलो असतो तर मला घास गेला नसता. टायर बसवून दुकानाबाहेर डावीकडे वळलो, तर चाक मडगार्डला घासून असं किंचाळलं की पेट्रोल पंपावरच्या बाईच्या हातातली कॉफी सांडली. उजवीकडेही तेच. सरळ जायला मात्र काही अडचण नव्हती, म्हणून मी सरळच जात राहिलो. त्या दिवशी घरी यायला मला शेजारची काउंटी बघावी लागली.

आता आलं गाडी उंच करायचं लिफ्ट किट निवडणं, आणि तिथेच माझी झोप गेली. गॅरेजवाल्या डेल्मरनं तीन प्रकार सांगितले. एकात फक्त पुढची बाजू वर घ्यायची. दुसऱ्यात चासी आणि बॉडीच्या मधे ठोकळे घालायचे. हे स्वस्तातलं, पण बॉडी वर जाते आणि पोट जिथल्या तिथे राहतं, आणि धोंड्यांची गाठ तर पोटाशी आहे. तिसऱ्यात स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर सगळंच नवं. मी सकाळी तिसरं ठरवायचो, दुपारी दुसरं, आणि संध्याकाळी गाडीभोवती फेऱ्या मारत पहिल्यावर यायचो. न्हाव्याचं मत घेतलं. पाद्रीसाहेबांचंही घेतलं. (त्यांचा भर नम्रतेवर आहे, पण मडगार्ड कापू नकोस असं तेही म्हणाले.) पुन्हा एकदा विचारायला गेलो, तर डेल्मर गाडीखालूनच ओरडला, "वेंडल, तू गाडी उंच करतोयस की लग्न करतोयस? एक काय ते सांग आणि जा बाबा घरी, मला जेवायला जायचंय." तेव्हा तिसरं घेतलं. चार इंच पुरतील असं तो म्हणत होता. मी सहा घेतले, कारण चार घेतले असते तर जन्मभर चुटपुट लागली असती.

ताई, धोंड्यांवरून गाडी अशी गेली की मी मागे वळून धोंडे जागेवर आहेत ना हे बघितलं. दोन दिवस मी हवेत होतो. अडचण एवढीच, की समोरून गाडी आली की मी नेहमीसारखं रामराम म्हणून स्टिअरिंगवरचं बोट उचलतो, पण ते बोट आता कुणाला दिसतच नाही, दिसतो तो माझा बंपर. खोऱ्यात बोभाटा झाला की बाप गेला आणि पोरगा शेफारला, रामराम घेईनासा झाला. मग खिडकीतून अख्खा हात काढून हलवायला लागलो, तर दोघंजण माझी गाडी बंद पडली समजून दोरखंड घेऊन धावत आले.

आणि मग रविवारी आई बिडाचा तवा काखेत मारून अंगणात आली, कशी बसते ते बघायला. दाराचा उंबरा तिच्या बरगड्यांना लागला. तिनं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "वेंडल, हे तू मला न्यायला केलंस की चुकवायला?" बादली पालथी घातली, ती सरकली. गवताची गासडी लावली, ती दबली. मग गॉर्डी ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्यानं आईला पुढच्या फावड्यात बसवून उचललं. उत्साहाच्या भरात त्यानं तिला दारापाशी न थांबवता थेट टपाच्या वर नेलं. तवा मांडीवर धरून आई तिथून म्हणाली, "कोंबड्यांच्या खुराड्याचे पत्रे उचकटलेत, ते कधी बघणार आहेस? आणि मला खाली घ्या. मी काय गवताचा भारा आहे?" खाली आली, आत गेली, तवा खिळ्याला टांगला आणि म्हणाली, "तू जा एकटा." त्यानंतर शब्द नाही.

त्या खिळ्यावरच्या तव्याकडे बघून मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. गाडी खाली घ्यावी तर ओढा ओलांडत नाही, उंच ठेवावी तर आई चढत नाही. जोडायची पायरी डेल्मरनं मागवली आहे, ती हंगाम उलटल्यावर येणार. मी दिवसभर गाडीभोवती फिरतोय, अंगणातल्या गवतात वाट पडलीय.

बाकी सगळं ठीक. भावजींना नमस्कार सांग, आणि तुझ्या पाठीला जप.

तुझा, पायाला भिंगरी लागलेला धाकटा भाऊ,
वेंडल

ता. क. बाबांचं गाई पिळायचं स्टूल तुझ्याकडे आहे. वाटणीत तुला आलं, तुझंच आहे, त्यावर तू फुलांची कुंडी ठेवलीस हेही कळलं. फक्त हंगामाच्या पहिल्या दिवसापुरतं दे. उंची अगदी बरोबर बसते.

ता. क. पार्सलानं पाठवू नकोस, वाटेत मोडेल. इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठव. मिसूलाहून इकडे येईल असं माझ्या माहितीत एकच माणूस आहे, आणि ते माझ्यावर रागावलेलं आहे.

ता. क. आईनं आत्ता माझ्या खांद्यावरून हे सगळं वाचलं आणि रविवारनंतर पहिल्यांदा तोंड उघडलं. "नुसतं स्टूल घेऊन काय करू? ते डुगडुगतं. एका बाजूनं तू धरशील, दुसऱ्या बाजूनं कोण?" मी म्हटलं, ती येईल की नाही कुणास ठाऊक. पण तवा खिळ्यावरून उतरलाय, आणि पॅनकेकचं पीठ तिनं तिघांपुरतं चाळून डब्यात भरून ठेवलंय.